दालचिनीच्या पानातले युजेनॉल: प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, वेंगुर्ले तालुका

आज आबांच्या परसातील दालचिनीची तोडणी झाली. पावसाळा नुकताच सरला असल्यामुळे फांद्यांत रस आहे. पितळी दांड्याने घासले की साल लाकडापासून अखंड सुटते. अंगठ्याएवढ्या जाड फांद्या उतरवून त्यांची साल पडवीत सावलीत पसरून ठेवली, आणि अंगणात कमरेएवढा पानांचा ढीग उरला. दरवर्षी ही पाने गोठ्यात अंथरली जातात किंवा माडांच्या आळ्यात जातात. काकी त्यातली चार-सहा पाने भातासाठी बाजूला काढतात, एवढाच त्यांचा मान.

अकरावीच्या वर्गातील तीन विद्यार्थी सोबत होते. त्यांच्यापैकी एकीने पान चुरगळून हुंगले आणि मला विचारले, ‘मॅडम, झाड तिखीचे, मग पानाला वास लवंगेचा कसा?’ आमच्याकडे दालचिनीच्या झाडाला तिखी म्हणतात. प्रश्न इतका नेमका होता की या वर्षीचा प्रकल्प तिथेच ठरला. एकाच झाडाच्या तीन अवयवांत तीन निराळी द्रव्ये प्रमुख असतात: सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, पानाच्या तेलात युजेनॉल आणि मुळाच्या सालीच्या तेलात कापूर. लवंगेच्या तेलातही युजेनॉलच प्रमुख असते, म्हणून नाकाला लवंग आठवली. आबांची कलमे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘कोकण तेज’ या जातीची आहेत. तिची ख्याती सालीसाठी आहे, पण आमचे सगळे काम पानांवर होणार आहे.

१७ नोव्हेंबर

पाने चार दिवस सावलीत सुकवून त्यांतली चार किलो घेतली. वीस लिटरच्या स्टीलच्या पिंपात पाने आणि दहा लिटर पाणी घातले, झाकणाच्या कडेला कणकेचा लेप दिला, आणि वाफ तांब्याच्या वेटोळ्या नळीतून थंड पाण्याच्या बादलीमधून बाहेर काढली. चुलीत सोडणे आणि करवंट्या जाळल्या. अर्ध्या तासाने नळीच्या तोंडाशी ताकासारखे पांढुरके पाणी ठिबकू लागले आणि सगळ्या पडवीत लवंगेचा वास भरला.

युजेनॉल २५४ अंश सेल्सिअसला उकळते, आणि आमच्या पिंपातले तापमान शंभराच्या वर जाऊच शकत नाही. तरीही ते वाफेबरोबर येते, हे मुलांना पटवून द्यायला मला वेळ लागला. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले म्हणजे त्यांचे बाष्पदाब एकमेकांत मिळवले जातात, आणि ती बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळते. त्यामुळे पाण्याची वाफ पुष्कळ आणि तेलाची थोडी, पण दोन्ही शंभर अंशांच्या किंचित खालीच सोबत निघतात. पानांतले तेल न करपता हाती येते ते यामुळेच.

तीन तासांनी सुमारे पाच लिटर पाणी जमले. मुले बरणीच्या पृष्ठभागावर तेलाचा थर शोधत होती आणि तिथे काहीच नव्हते. खोबरेल पाण्यावर तरंगताना पाहण्याची सवय असल्यामुळे त्यांनी प्रयोग फसला असे ठरवले, आणि एक जण बरणी केळीच्या बुंध्याशी ओतायला निघालादेखील. काकींनी बरणी उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, ‘तेल तळाक बसला मगे!’ तळाशी मधाच्या रंगाचे गोल थेंब एकमेकांना चिकटून सावकाश मोठे होत होते. युजेनॉलची घनता १.०६ च्या आसपास आहे, म्हणजे ते पाण्याहून जड आहे. ही गोष्ट मी मुलांना आधी सांगायला हवी होती. तळातून काढून मोजलेले तेल ३१ मिलिलिटर भरले.

२४ नोव्हेंबर

मागच्या आठवड्याचे पांढुरके पाणी फेकले नव्हते. युजेनॉल पाण्यात लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम विरघळते, म्हणजे पाच लिटर पाण्यात दहा ग्रॅमच्या आसपास तेल अडकलेले असणार. आमच्या एकूण उताऱ्याच्या मानाने ही गळती मोठी आहे. त्या पाण्याचा एक लिटर बाजूला ठेवून उरलेले दुसऱ्या घाणीसाठी, म्हणजे तेल काढण्याच्या दुसऱ्या फेरीसाठी, पुन्हा पिंपात घातले, आणि बाजूच्या लिटरात जाडे मीठ टाकत गेलो. मीठ विरघळले की पाण्यात तेलाला जागा उरत नाही आणि ते बाहेर पडते.

इथे एक सुंदर गोष्ट पाहायला मिळाली. बाहेर पडणारे थेंब आधी तळाकडे जात होते. मीठ वाढत गेले तसे ते मध्येच अधांतरी थबकले, आणि आणखी दोन मुठी मीठ घातल्यावर सगळे वर येऊन तरंगू लागले, कारण आता पाणीच तेलाहून जड झाले होते. एका विद्यार्थ्याचे वडील मासेमारी करतात. त्याने लगेच विचारले की समुद्राच्या पाण्यात हे तेल तरंगेल का. संध्याकाळी तो किनाऱ्यावरून बाटली भरून घेऊन आला. समुद्राच्या पाण्यात थेंब बुडाला, पण गोड्या पाण्यात बुडतो त्याच्या मानाने फार संथपणे, जणू उतरावे की नाही याचा विचार करत. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२ ते १.०३ असते, तेव्हा निकाल अपेक्षेप्रमाणेच होता. तरी त्या मुलाने स्वतः प्रश्न विचारून स्वतः उत्तर मिळवले, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिली आहे.

८ डिसेंबर

तिसऱ्या घाणीचे तेल काळपट जांभळे निघाले. पिंपाचे झाकण दुरुस्तीला दिले होते, त्याऐवजी जुने लोखंडी झाकण वापरले होते आणि त्याच्या आतल्या बाजूला गंज होता. युजेनॉल हे फिनॉल वर्गातले संयुग आहे आणि फिनॉलांचा लोहाशी संबंध आला की गडद रंग येतो. हे तेल वेगळ्या बाटलीत ठेवले असून पुढच्या कोणत्याही चाचणीत ते वापरायचे नाही. याच आठवड्यात ड्रॉपरचा रबरी फुगा तेलाने फुगून चिकट झाला. यापुढे काचेच्या नळ्या आणि काचेची बुचे एवढेच वापरायचे.

१८ जानेवारी २०२५

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पानाच्या तेलातून युजेनॉल वेगळे केले. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे २ अणू आहेत. बेंझीनच्या कड्यावर तीन गोष्टी टांगलेल्या आहेत असे फळ्यावर काढून दाखवले: एक हायड्रॉक्सिल गट, त्याच्या शेजारी एक मिथॉक्सी गट, आणि समोरच्या बाजूला तीन कार्बनची शेपटी, जिच्या टोकाला दुहेरी बंध आहे. या संयुगाचे बहुतेक गुणधर्म या तिघांवरून सांगता येतात, म्हणून मुलांना ही आकृती पाठ करायला न लावता प्रत्येक चाचणीनंतर तिच्याकडे परत बोट दाखवत गेले.

हायड्रॉक्सिल गट सौम्य आम्लधर्मी असतो. तेल कॉस्टिक सोड्याच्या दहा टक्के द्रावणाबरोबर पृथक्करण नरसाळ्यात हलवले, तेव्हा युजेनॉलचा क्षार होऊन तो पाण्यात उतरला आणि बाकीची द्रव्ये वेगळ्या थरात राहिली. खालचा थर काढून त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घातले. सामू खाली येताच स्वच्छ द्रावण एकदम दुधाळ झाले आणि थोड्या वेळाने फिकट पिवळे युजेनॉल तळाला जमले. हा क्षण मुलांनी तीन वेळा करून पाहिला आणि मी त्यांना थांबवले नाही. वीस मिलिलिटर तेलातून पंधराच्या वर युजेनॉल परत मिळाले. दालचिनीच्या पानाच्या तेलात त्याचे प्रमाण बहुधा सत्तर टक्क्यांच्या वर असते, त्याच्याशी हे जुळते.

मग अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या एका थेंबावर फेरिक क्लोराइड घातले. निळसर हिरवा रंग आला. डिसेंबरातल्या गंजलेल्या झाकणाने काय केले होते याचा उलगडा मुलांना या परीक्षानळीत झाला. ब्रोमीनच्या पाण्याचा रंगही उडाला, पण त्यावरून काही ठरत नाही, कारण तो शेपटीतला दुहेरी बंधही उडवतो आणि फिनॉलचे कडेही उडवते. चाचणीचा निकाल कशामुळे आला हे नक्की सांगता येत नसेल तर तो पुरावा म्हणून लिहायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.

९ फेब्रुवारी

तालुक्याच्या ठिकाणच्या एका दंतवैद्यांनी आम्हाला त्यांच्या दवाखान्यात अर्धा तास दिला. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड आणि युजेनॉल काचेच्या पट्टीवर घोटून त्यांनी तात्पुरत्या भरणाचा लगदा करून दाखवला. जस्ताचा अणू युजेनॉलच्या दोन रेणूंच्या पकडीत बसतो आणि लगदा घट्ट होतो. त्यासाठी ओलाव्याचा अंशही लागतो, त्यामुळे तोंडातली ओल या भरणाला उपयोगाचीच ठरते. मात्र त्यावर राळेचे पांढरे भरण करायचे असेल तर ते युजेनॉल टाळतात, कारण राळ घट्ट होण्याची साखळी-अभिक्रिया फिनॉल मध्येच तोडतो. हायड्रॉक्सिल गट एका कामात मदत करतो आणि दुसऱ्यात आडवा येतो, ही गोष्ट मुलांनी आपल्या वहीत आकृतीशेजारी लिहून घेतली.

दाढ दुखली की लवंग धरण्याची रीत प्रत्येक घरात आहे. मिरचीतले तिखट द्रव्य कॅप्सायसिन ओळखणारा चेतातंतूंवरचा जो ग्राही (रेणू) आहे, युजेनॉल त्यालाच चेतवते, म्हणून आधी झिणझिणते आणि ऊब वाटते. पुढे ते चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग रोखते आणि जागा बधिर होते. पण अख्खी लवंग आणि बाटलीतले तेल यांच्यात फार अंतर आहे. न मिसळलेले तेल हिरडी भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात पाच-दहा मिलिलिटर गेल्यास बेशुद्धी येऊन यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. आमच्या बाटल्या आजपासून कुलुपात आहेत. खाण्यातल्या युजेनॉलसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली दैनंदिन मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम आहे. मसाल्याच्या वापरात एवढे पोटात जाणे कठीण, पण तेल चमच्याने घेतले तर ती मर्यादा क्षणात ओलांडली जाते.

१६ मार्च

शिमगा आणि त्यामागोमाग वार्षिक परीक्षा, त्यामुळे काम बंद. सहा घाणींचे मिळून चांगले तेल १८० मिलिलिटर आहे.

१३ एप्रिल

आबांनी आज एक प्रश्न घातला आणि प्रकल्पाला नवे वळण मिळाले. त्यांच्या हापूसच्या बागेत फळमाशी लागली आहे. मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, आतला गर अळ्या पोखरतात, आणि वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापल्यावर टाकून द्यावा लागतो. यावर उपाय म्हणून ते दरवर्षी सापळ्यांसाठी मिथाइल युजेनॉल विकत आणतात. कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळाही त्याच द्रव्यावर चालतो. आबांचे म्हणणे असे की नावात युजेनॉल आहे आणि आपल्याकडे युजेनॉलची बाटली आहे, तर विकत का आणायचे?

मिथाइल युजेनॉल म्हणजे युजेनॉलच्या हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजनच्या जागी एक मिथाइल गट बसलेला रेणू. उत्कलनबिंदू जवळपास तोच, वासही त्याच घराण्यातला. या द्रव्याकडे माशी ओढली जाते याचा शोधही आपल्याच देशात लागला. बिहारमधील पुसा येथे हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. डासांसाठी लावलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या येतात हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवले आणि १९१५ मध्ये त्यातले मिथाइल युजेनॉल हे कारण असल्याचे दाखवून दिले. येतात ते फक्त नर. नर हे द्रव्य चाटतो, पोटात त्याचे रूपांतर करतो आणि त्यापासून मादीला बोलावणारा स्वतःचा गंध तयार करतो. बाजारात या सापळ्यांना ‘कामगंध सापळे’ म्हणतात, पण काटेकोरपणे पाहिले तर मिथाइल युजेनॉल हा मादीचा गंध नव्हे. नराच्या लेखी तो गंध बनवायचा कच्चा माल आहे.

मुलांनी दोन्ही द्रवांवर जानेवारीतल्या चाचण्या केल्या. विकतचे मिथाइल युजेनॉल कॉस्टिक सोड्यात विरघळले नाही आणि फेरिक क्लोराइडने त्याला रंगही आला नाही. हायड्रॉक्सिल गटच उरलेला नसल्यामुळे दोन्ही निकाल असेच यायला हवे होते. एकाने आपल्या युजेनॉलपासूनच ते तयार करण्याची कल्पना मांडली. त्यासाठी सामान्यतः वापरले जाणारे डायमिथाइल सल्फेट अत्यंत विषारी आहे, त्याचा परिणाम काही तासांनी दिसतो आणि तोवर उशीर झालेला असतो. आमच्या प्रयोगशाळेत ते येणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. माशीला काय वाटते ते माशीलाच विचारायचे ठरले.

२६ एप्रिल

आबांच्या बागेत नऊ सापळे लावले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना भोके पाडली, तळाशी साबणाचे पाणी घातले आणि वर तारेला कापसाचा बोळा अडकवला. एक ते तीनमध्ये मिथाइल युजेनॉल, चार ते सहामध्ये आमचे पानाचे तेल, सात ते नऊमध्ये कोरडा कापूस.

२९ एप्रिल

सहाव्या सापळ्यात ३१ माश्या होत्या. मिथाइल युजेनॉलच्या तीन सापळ्यांत मिळून २०९. मुलांना फार आनंद झाला आणि मलाही. संध्याकाळी परतताना मी आबांना सांगितले की तुमच्या पानाच्या तेलाला माशी येते.

१ मे

दोन रात्री एक गोष्ट सलत राहिली. चौथ्या आणि पाचव्या सापळ्यांतही तेच तेल, तेवढेच थेंब, आणि तिथे एकही माशी नाही. तेलाचा गुण असता तर तो तिघांतही दिसला असता. आज सापळे भरण्याचा क्रम मुलांकडून पुन्हा वदवून घेतला, तेव्हा कळले की चौथ्या आणि पाचव्यासाठी नवा चिमटा होता, तो गवतात पडला, आणि सहाव्याचा बोळा मिथाइल युजेनॉलच्या चिमट्याने अडकवला गेला. मुलीला हे सांगताना रडू आले. तिने सांगितले म्हणूनच चूक सापडली, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर बोलले.

सहाव्या सापळ्यातला जुना बोळा काढून नव्या बाटलीत, बागेच्या दुसऱ्या टोकाला टांगला. सहाव्याच्या झाडावर नवी बाटली, नवा कापूस, नवा चिमटा आणि आमचेच तेल.

४ मे

जुन्या बोळ्याकडे नव्या जागीही १७ माश्या आल्या. नव्या बोळ्याकडे एकही नाही. म्हणजे झाडाचा किंवा जागेचा प्रश्न नव्हता. चिमट्याच्या टोकाला राहिलेला अंशच नरांना बोलावत होता. एवढ्याशा अंशाने ३१ माश्या आणाव्यात, यावरून हा कीटक त्या एका मिथाइल गटाला किती बारकाईने ओळखतो ते दिसते.

आजच आबांकडे जाऊन परवाचे माझे बोलणे चुकीचे होते असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बाई, मी दोघांक आधीच सांगलंय.’ दोन्ही शेजाऱ्यांनी या वर्षी मिथाइल युजेनॉल आणायचे थांबवले होते. आम्ही चौघे आणि आबा, पाचही जण दोघांच्या घरी गेलो. त्यांतल्या एकाच्या बागेत डागी फळे दिसू लागली होती. हंगाम ऐन भरात असताना पाच दिवस त्याचे सापळे माझ्या शब्दामुळे रिकामे राहिले. आमच्याकडचे उरलेले मिथाइल युजेनॉल त्याला दिले आणि मुलांनी तिथेच त्याचे सापळे भरून टांगले.

११ मे

आमच्या मांडणीत आणखी एक दोष होता. मिथाइल युजेनॉल शेकडो मीटरवरून नरांना ओढते, तेव्हा पंचवीस मीटरवर टांगलेल्या दुसऱ्या तेलाला खरी संधीच मिळत नाही. त्यामुळे पानाच्या तेलाकडे माशी येत नाही असेही आम्हाला अजून म्हणता येणार नाही. खाडीपलीकडच्या एका बागेत, जिथे या हंगामात कोणतेही सापळे नाहीत, तिथे पानाच्या तेलाचे तीन आणि कोरड्या कापसाचे तीन असे सहाच सापळे लावले. चिमटे नवे घेतले आणि हात साबणाने धुतले. ज्या मुलाने मिथाइल युजेनॉल हाताळले होते तो या वेळी फक्त वही घेऊन उभा राहिला.

१८ मे

सात दिवसांत पानाच्या तेलाच्या तीन सापळ्यांत मिळून दोन माश्या, कोरड्या कापसाच्या तीनमध्ये एक. बागेत माशी होती याची खात्री करण्यासाठी आज झाडाखालची सहा फळे कापून पाहिली आणि चारांत अळ्या निघाल्या. आमच्या पानाच्या तेलाचा फळमाशीच्या सापळ्यासाठी उपयोग नाही, असे आता लिहिता येते.

काकींनी विचारले की मग तो विकतचा वास एवढा जोरकस असेल तर स्वयंपाकात चालेल का. अजिबात नाही. तुळशीसारख्या वनस्पतींत मिथाइल युजेनॉल नैसर्गिकरीत्या असते, पण मोठ्या मात्रेत त्याने प्रयोगशाळेतील प्राण्यांना कर्करोग झाल्याचे आढळले आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये कृत्रिम मिथाइल युजेनॉलची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली. ती बाटली बागेतल्या खोपीतच राहील.

२५ मे

गेले काही दिवस पाऊस झोडपतो आहे आणि आज मोसमी वारे कोकणात पोहोचल्याची बातमी आली. सापळे उतरवले. उरलेले १४० मिलिलिटर तेल सात तपकिरी बाटल्यांत काठोकाठ भरले, कारण रिकाम्या जागेतल्या हवेने युजेनॉल हळूहळू गडद होते. दोन बाटल्या प्रयोगशाळेसाठी ठेवल्या आहेत, आणि उरलेल्या पाच काकींच्या बचत गटाकडे जातील. त्यांना साबणात सुगंधासाठी ते किती कमी प्रमाणात पुरते हे पाहायचे आहे. युजेनॉलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून वडीवर त्याचे नाव छापावे असे त्यांना कळवले आहे. चोथा झालेली पाने आबांनी माडांच्या आळ्यात पसरली.

बाटल्यांच्या चिठ्ठ्या त्या मुलीने लिहिल्या: ‘दालचिनीच्या पानाचे तेल. नोव्हेंबर–डिसेंबर २०२४. पोटात घेऊ नये. मुलांपासून दूर ठेवावे. फळमाशीच्या सापळ्यासाठी नाही.’